वीतभर

महापेला, चौथ्या मजल्यावरच्या फळ्यावर
मी नवलाची व्याख्या लिहिली होती:
'प' आहे असं धरून चालणं
आणि समोर 'प नाही' दिसणं.
एवढंच. दोन ओळी, मधे एक 'आणि'.

खरं तर याला आपल्याकडे अपेक्षाभंग म्हणतात,
पण तो शब्द आपण कधीचाच
दुःखाच्या खात्यावर टाकून दिलाय.
म्हणून 'नवल'. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, अट:
ज्याने काहीच धरलेलं नाही, त्याला नवल नाही.

तुर्भ्याच्या गोदामात आमचं यंत्र रात्रभर फिरतं.
गुडघ्याएवढं, चार चाकं, पुढे एक दिवा.
खोकी मोजतं, जागा ताडून बघतं,
धरलेलं आणि दिसलेलं जुळलं नाही
की थांबतं आणि आकडा लिहितं.
तोंड नाही, तोंडात घालायला बोट नाही,
म्हणून आकडा.

सकाळी नोंदी उघडल्या तर
रॅक सात, दोन वाजून दहा: नवल.
दुसऱ्या सकाळी, रॅक सात, दोन दहा: नवल.
खालून तिसरं खोकं, नळाच्या तोट्यांचं,
वीतभर डावीकडे.

सेन्सर बदलला. चाकं पुसली.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक जमीन हलवतात
असं एक कलम लिहिलं, मग खोडलं;
ट्रक काय एकाच खोक्यावर डूख धरतील?
तस्नीम म्हणाली, उंदीर.
वीत मोजणारा?

आकडा मात्र उतरत गेला.
नव्वद, साठ, अकरा, चार.
यंत्र शिकलं होतं की इथलं खोकं सरकतं,
जसं आपण शिकतो
वरच्या मजल्यावरचं बाळ किती वाजता रडतं,
आणि मग ते ऐकूच येत नाही.
प्रश्न मिटला, असं लिहून मी फाइल बंद केली.

बाविसाव्या रात्री सत्त्याण्णव.
फोटो पाहिला. मोठा करून पाहिला.
खोकं जागेवर होतं.
पिवळ्या पट्टीला कड लावून, अगदी जागेवर.
आणि त्याच्यासमोर यंत्र
चार सेकंद उभं.

सूत्र पुन्हा लावून पाहिलं. लागत होतं.
लागत होतं म्हणूनच मानेवर काटा आला:
तडा गेलेला 'प' खोक्याचा नव्हता,
कुणा माणसाचा होता.

गेटावरचं रजिस्टर मागवलं.
रात्रपाळी, हरेश्वर मढवी, दिवाळे गाव.
त्या तारखेपुढे: रजा.

तिसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला. नातीचं बारसं होतं.
मी विचारायच्या आधीच म्हणाला,
"मीच सरकवायचो. बगत होतू, त्याला कलतं का नाय."
कळतं, मी म्हटलं.
तुम्ही नव्हता, तेही कळलं त्याला.
त्यावर त्याने तोंडात बोट घालून दाखवलं,
रबाळ्याच्या प्रेस मशीनने अर्धीच ठेवलेली तर्जनी,
आणि हसला.

आठवड्यातून दोनदा, दोन वर्षं,
त्याच्या टेबलावर सही करून मी आत जाते.
येईल, येणार नाही,
त्याच्याबद्दल मी काहीच धरलं नव्हतं.
माझ्याच अटीप्रमाणे
मला नवल वाटायला नको होतं.

पेढा खाल्ला. बोटं पुसली.
महापेला परत येऊन ती बारीक अक्षरंही पुसली.
त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही,
नुसता पांढुरका डाग आहे.

मढवी आता कधी खोकं सरकवतो, कधी नाही.
आकडा पन्नासच्या खाली उतरत नाही.
नातीचं नाव विचारायचं राहूनच गेलं.